स्पेनचा इतिहास निवडणुकांपासून वाचायला घ्या

लेकरांनो, स्पेन म्हटलं की तुमच्या वह्या १९३६ पासून सुरू होतात. हुकूमशहा फ्रँको, यादवी युद्ध, जर्मन विमानांनी उद्ध्वस्त केलेलं गेर्निका गाव. लातूरच्या अभ्यासिकेत शिकवायला बसलो की दर वर्षी हेच बघतो. असं वाचलं तर फ्रँको आभाळातून पडल्यासारखा वाटतो. म्हणून सुरुवात १८७४ पासून करा.

वही आडवी धरून तीन रकाने पाडा. सरकार कधी बदललं, कोणी बदललं, आणि लोकांनी मत दिलं ते त्याआधी की नंतर. पहिली नोंद डिसेंबर १८७४ ची. पहिलं प्रजासत्ताक वर्षभरात चार अध्यक्ष बघून आधीच कोलमडलं होतं. जनरल मार्तिनेस काम्पोसने सागुंतोला सैन्यापुढे आल्फोन्सो बाराव्याला राजा जाहीर केलं. दुसऱ्या रकान्यात लिहा : सैन्य.

पुढे १८७६ ची राज्यघटना. संसद आहे, पक्ष आहेत, वर्तमानपत्रं आहेत. कानोवासचे पुराणमतवादी आणि सागास्ताचे उदारमतवादी आळीपाळीने सत्तेवर येतात. १८९० पासून सगळ्या प्रौढ पुरुषांना मताचा अधिकार. वरवर वाचलं तर सगळं ठाकठीक दिसतं. इथे थांबा, आणि हवे तेवढे दिवस द्या.

कारण तिसरा रकाना भरायला घेतला की क्रम उलटा निघतो. राजा आधी पंतप्रधान बदलायचा. नवा पंतप्रधान संसद बरखास्त करून घ्यायचा आणि मग निवडणूक लागायची. गृहमंत्रालयात मतदारसंघांचा चौकटी पाडलेला तक्ता तयार व्हायचा आणि प्रत्येक चौकटीत निवडून यायच्या माणसाचं नाव मतदानाआधीच भरलं जायचं. विरोधकांना किती जागा सोडायच्या, तेही त्यातच. तो तक्ता खरा करून दाखवायचं काम प्रांताच्या गव्हर्नरचं आणि गावोगावच्या कासिकेंचं. कासिके म्हणजे ज्याच्याकडे जमीन किंवा कचेरीत वट आहे असा गावातला बडा माणूस. रोजगार, करात सूट, सैन्यभरतीतून सुटका, कोर्टातलं काम, सगळं त्याच्या शब्दावर. मेलेल्यांचीही मतं पडत. १९०७ च्या कायद्याचं कलम २९ तर म्हणायचं की उमेदवार एकच असेल तर मतदान घ्यायचंच नाही. १९२३ पर्यंत निवडणूक घेणारं सरकार सहसा हरत नसे.

माझ्या आजोबांनी औसा तालुक्यात पहिलं मत १९५२ साली दिलं. त्याआधी निजामाचं राज्य होतं, मत नव्हतंच. मत नसणं वेगळं, आणि मत असून त्याला किंमत नसणं वेगळं. स्पेनच्या माणसाने पन्नास वर्षं हे दुसरं सोसलं.

आता युरोपचा कोरा नकाशा घ्या. आंदालुसिया आणि एस्त्रेमादुरा रंगवा. मोठमोठ्या जमीनदारी इथल्या, आणि सकाळी गावच्या चौकात कामाची वाट बघत उभे राहणारे भूमिहीन मजूर इथलेच. ज्यांच्या घरची माणसं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ती मुलं हे पान एका वाचनात समजून घेतात. मग बार्सिलोनावर खूण करा. तिथल्या कामगारांत अराजकवाद्यांचं, म्हणजे सरकारच नको म्हणणाऱ्यांचं, बळ होतं, आणि त्यांचं सांगणं असं की मत देऊच नका. असल्या निवडणुका बघून ते पटणारंच होतं.

१८९८ ला क्युबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स गेले, ही नोंद एका ओळीत पुरे. १९२१ ला मोरोक्कोत अनुआलला स्पेनच्या सैन्याची दाणादाण उडाली. जबाबदार कोण, हा प्रश्न संसदेत तापत असतानाच १३ सप्टेंबर १९२३ ला जनरल प्रिमो दे रिव्हेराने सत्ता घेतली आणि राजा आल्फोन्सो तेराव्याने मान डोलावली. जानेवारी १९३० मध्ये प्रिमो सत्तेवरून पायउतार झाला.

यानंतरची नोंद ठळक करा : १२ एप्रिल १९३१, नगरपालिका निवडणुका. देशभर मिळून राजाच्या बाजूचे नगरसेवक जास्त निवडून आले. पण बहुतेक मोठ्या शहरांत प्रजासत्ताकवादी जिंकले. खेड्यांतली मतं कशी पडतात हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून देशाने शहरांचाच कौल खरा धरला. राजानेही तोच धरला. १४ एप्रिलला प्रजासत्ताक आलं आणि राजा देश सोडून गेला.

१९३१ ते १९३६ ही पाच वर्षं यादवी युद्धाची प्रस्तावना म्हणून उरकू नका. १ ऑक्टोबर १९३१ ला क्लारा काम्पोआमोर संसदेत स्त्रियांच्या मतासाठी उभी राहिली. विक्तोरिया केंतने, तीही स्त्रीच आणि प्रजासत्ताकवादीच, आत्ता नको म्हटलं. १६१ विरुद्ध १२१ ने हक्क मिळाला. १९३३ ला डावे हरले तेव्हा दोष बायकांवर आला. उत्तरपत्रिकेत तसं कृपा करून लिहू नका. डावे आपसात फुटलेले होते आणि अराजकवादी मतदानालाच गेले नव्हते.

१६ फेब्रुवारी १९३६ ला पॉप्युलर फ्रंट, म्हणजे डाव्यांची आघाडी, जिंकली. जुलैत सैन्य उठलं आणि यादवी युद्ध पेटलं. १ एप्रिल १९३९ ला फ्रँकोने विजय जाहीर केला. १९४७ ला त्याने सार्वमत घेतलं, स्पेनला राजाविना राजेशाही ठरवलं आणि स्वतः तहहयात प्रमुख राहिला. त्यानंतरची पहिली खुली निवडणूक १५ जून १९७७ ची. १९३६ ला तेविसाव्या वर्षी मत दिलेला माणूस तोवर चौसष्टीला आला होता. ही नोंद झाली की मगच १९७८ ची राज्यघटना वाचायला घ्या.