जुन्या आउटबोर्डचा पंखा: प्लॅस्टिक की ॲल्युमिनियम हे विचारण्याआधी या चुका टाळा

होडीच्या मागे लावायचं जुनं दोन-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन कोणी विकत घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. पंखा प्लॅस्टिकचा लावू की ॲल्युमिनियमचा? मशीन कोणत्या होडीला लावणार, वजन किती, खाडीत फिरणार की बाहेर, तळाला चिखल आहे की खडप, यातलं काही न सांगता फक्त एवढंच विचारतात. उत्तरही एका शब्दात हवं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन ते पाच हॉर्सपॉवरचं मशीन, छोटी होडी आणि उथळ खाडी असेल तर चांगल्या प्रतीचा प्लॅस्टिकचा पंखा पुरतो. आठ-दहाच्या पुढे, जाळं आणि माणसं भरून भरतीच्या तोंडाला जायचं असेल तर ॲल्युमिनियम. जोर पडला की प्लॅस्टिकचं पातं लवतं आणि पिच (एका फेऱ्यातली पंख्याची पुढची चाल) कमी झाल्यासारखा होतो. लहान मशीनवर हे जाणवतही नाही, मोठ्यावर जाणवतं. पंखा कशाचा हे ठरवण्यापेक्षा कठीण प्रश्न वेगळा आहे: पंखा दगडाला लागला तर आधी काय मोडायला हवं? पिन, पातं की गिअर? जुन्या मशीनचं आयुष्य याच उत्तरावर ठरतं.

शिअर पिनच्या जागी भलतंच काहीतरी

ही चूक बघून मी खरोखर कंटाळलोय. लहान जुन्या मशीनमध्ये पंखा शाफ्टवर एका आडव्या पिनेने धरलेला असतो. ती पिन मुद्दाम मऊ ठेवलेली असते. पंखा अडकला की ती तुटते आणि आतले गिअर वाचतात. घरातल्या फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालणारे जसे असतात, तसे इथे खिळा, स्टीलचा बोल्ट, सायकलचा स्पोक घालणारे असतात.

मालवणकडच्या एका तरुणाचं आठ हॉर्सपॉवरचं मशीन माझ्याकडे आलं होतं. प्लॅस्टिकचा पंखा होता तेव्हा त्याची पिन सारखी तुटायची, कुठे न आदळताही. प्लॅस्टिकच्या हबमधली (पंख्याच्या मधल्या भागातली) पिनेची खाच झिजून रुंद झाली होती, हे त्याने पाहिलंच नाही. गिअर टाकला की पिन त्या सैल खाचेत आपटायची आणि थोड्या दिवसांनी तुटायची. त्याने निष्कर्ष काढला की प्लॅस्टिक भिकार. ॲल्युमिनियमचा पंखा आणला आणि पिनेचा वैताग कायमचा मिटवायचा म्हणून तुटलेल्या ड्रिल बिटचा तुकडा कापून आत ठोकला. ड्रिल बिटचं पोलाद! कानस घासली तर कानस घसरते त्यावर.

पुढे ओहोटीला खाडीच्या तोंडाशी कालवांनी भरलेल्या खडपावर पंखा बसला. पात्याचं टोक जरासं वाकलं, एवढंच. गडी खूश. मशीन खांद्यावरून उतरवताना मला म्हणाला, "पंख्याक तर काय एक झाला नाय!" फक्त गिअर टाकला की कडकड आवाज येतो, तेवढं बघा म्हणे.

गिअर ऑइल काढलं तर त्यात चमकणारा चुरा. पिनियनचे (लहान गिअरचे) दात गेले होते, त्यांचे तुकडे फिरून बेअरिंगही खाल्लं होतं आणि शाफ्टमधलं पिनेचं भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं. चहाच्या किमतीची पिन वाचवून त्याने सगळा खालचा भाग घालवला. त्या मशीनची कंपनी तो भाग आता बनवत नाही. दुसऱ्या मेलेल्या मशीनचा खालचा भाग मिळेपर्यंत त्या होडीने वल्ह्यावर दिवस काढले.

पिन कंपनीने ज्या धातूची आणि ज्या मापाची दिली, तीच घाला. पितळेची असेल तर पितळेचीच. मी दोन पिना आणि पंखा सुटू नये म्हणून घालायच्या दोन कॉटर पिना झाकणाच्या आत चिकटपट्टीने लावून ठेवतो आणि पक्कड होडीला दोरीने बांधतो, कारण डोलत्या होडीत ती पाण्यातच पडते. आदळल्याशिवाय पिन तुटत असेल तर पंख्याची खाच, शाफ्टचं भोक आणि गिअर बदलण्याची तुमची सवय तपासा. फुल रेस देऊन गिअर टाकणाऱ्यांना कोणतीच पिन पुरत नाही.

ब्रिटिश सीगल या जुन्या इंग्लिश मशीनवाल्यांनी इथे हसू नये. त्यातल्या बहुतेक मशीनला पिनेऐवजी स्प्रिंग आहे, ती धक्का सोसते. ती काढून पंखा थेट बोल्टने जखडणारेही मी पाहिलेत.

मोठा पंखा म्हणजे जास्त वेग

पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पाणी अजिबात घसरलं नाही असं धरलं तर एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे सरकेल तो पिच. प्लॅस्टिकचा काढून ॲल्युमिनियमचा लावताना लोक भोक जुळतं का एवढंच बघतात. मग पिच दोन इंचांनी वाढलेला असतो, मशीन कण्हत चालतं, प्लग काळा पडतो, सिलिंडर तापतो आणि दोष कार्ब्युरेटरला. महिनाभर कार्ब्युरेटर साफ करत बसतात!

साधारण हिशोब असा: पिच एक इंच वाढला की फुल रेसला दीडशे-दोनशे आरपीएम (मिनिटाला फेरे) घटतात. पुस्तकात तुमच्या मशीनची मर्यादा दिलेली असते, बऱ्याच लहान मशीनची साडेचार ते साडेपाच हजारांत. आरपीएम मोजायला प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्त टॅकोमीटर घ्या. रोजचं वजन होडीत ठेवून, प्रवाहाच्या दिशेने आणि उलट असं दोन्हीकडे चालवून पाहा. आरपीएम मर्यादेखाली राहिले तर पिच कमी करा, वर गेले तर वाढवा. कान पुरेसा आहे म्हणणाऱ्यांचे कान मी ऐकलेत.

मशीन नुसतं ओरडतं आणि होडी सरकत नाही, तेव्हाही पंख्याला शिव्या देण्याआधी मशीनची उंची बघा. पंख्याच्या वर मशीनला असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. वर असेल तर पंखा हवा खेचतो. काही मशीनचा धूर हबमधून बाहेर पडतो. तिथे त्याच बनावटीचा पंखा लागतो, नाहीतर धूर पात्यांत शिरतो आणि पकड सुटते.

बाकीच्या, पटापट

प्लॅस्टिकचा पंखा वर्षानुवर्षं उन्हात ठेवू नका. रंग पांढुरका, खडूसारखा झाला की तो ठिसूळ झालाय, टाकून द्या. तुटलेल्या पात्यावर इपॉक्सी लावून समुद्रात जाणाऱ्याशी मला बोलायचंही नाही.

ॲल्युमिनियमचं वाकलेलं टोक लाकडाच्या ठोकळ्यावर हलक्या हाताने सरळ होतं. गॅसची ज्योत लावू नका. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, वितळायच्या आधी काहीच सांगत नाही. तीन पाती सारखी नसतील तर थरथर सुटते आणि आधी ऑइल सील जातं.

शाफ्टला ग्रीस न लावता ॲल्युमिनियमचा पंखा खाऱ्या पाण्यात वर्षभर ठेवला की तो तिथेच जाम होतो. मग हातोडा, मग फुटलेलं गिअरकेस. पाण्यात न धुतलं जाणारं ग्रीस लावा, तांबं मिसळलेलं मात्र नको, त्याने ॲल्युमिनियम आणखी खातं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा मी पंखा काढून ठेवतोच.

पंखा काढलाच आहे तर मागे तंगूस गुंडाळलाय का बघा. नायलॉनची ती तार सील कापते. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे.

कॉटर पिन दुसऱ्यांदा वापरू नका.

जुन्या जॉन्सन-इव्हिनरूडचा मूळ पंखा जपून ठेवा. ती मशीन बनवणारी ओएमसी ही अमेरिकन कंपनी २००० च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, २०२० मध्ये इव्हिनरूडचं उत्पादनही थांबलं. ॲल्युमिनियमचा चालवत असाल तर योग्य पिचचा प्लॅस्टिकचा पंखा होडीत जादा म्हणून ठेवा. हलका असतो, घरी परत आणण्यापुरता उत्तम.

आणि पंख्याला हात लावण्याआधी प्लगची वायर काढा. बऱ्याच जुन्या मशीनला न्यूट्रलच नसतं, पंखा हाताने फिरवला की इंजिनही फिरतं आणि गरम असेल तर चालूसुद्धा होतं.