शेठ, उजवीकडच्या खिडकीत काय दिसतंय?

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका अडत्याचा फोन मला पहाटे साडेपाचला येतो. मागे गाड्या खाली होत असतात, हमालांचा आरडाओरडा चालू असतो, आणि शेठ विचारतात, “ताई, तुमचा सर्व्हर बंद हाय का? बँकेचा माणूस धाला येतोय, ताळेबंद पायजे.” सर्व्हर बंद नसतो. तो खरोखर बंद पडलेला मी अकरा वर्षांत चार-पाचदाच पाहिला.

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं कर सल्ल्याचं ऑफिस आहे, दोन खोल्यांचं. रिटर्न, ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट असं सगळं भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतो आणि क्लायंट तिथून उतरवून घेतात. ते त्यांना जमेल अशी व्यवस्था लावणं माझ्याकडे आहे. तुमच्याकडेही हे काम आलं असेल, तर मी ठेचकाळत काय शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट, एफटीपी ही फाइल नेण्या-आणण्याची जुनी पद्धत देऊ नका. त्यात पासवर्ड उघडाच जातो. शिवाय क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपीला रामराम ठोकला, त्यामुळे जुन्या क्लायंटने तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तरी काही उघडत नाही. त्याऐवजी एसएफटीपी वापरा, त्यात सगळं कुलूपबंद जातं. त्याचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरचं दार, २२ नंबरचं. काही जण क्लायंटला ऑफिसच्या कॉम्प्युटरचा रिमोट डेस्कटॉपच, म्हणजे दुरून अख्खा कॉम्प्युटर चालवायची सोय, देऊन टाकतात. एक कागद न्यायला आलेल्या माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या देण्यातला हा प्रकार.

प्रत्येक क्लायंटचं खातं वेगळं आणि फोल्डर वेगळा. फोल्डरला आडनाव देऊ नका, क्लायंट नंबर द्या. एकाच आडनावाचे दोन वर्कशॉपवाले वागळे इस्टेटमध्ये आमचे क्लायंट आहेत. मी एकाचा ऑडिट रिपोर्ट दुसऱ्याच्या फोल्डरात टाकला होता. दोघं एकमेकांचे स्पर्धक! त्या दिवशी साहेबांसमोर उभं राहायची लाज वाटली.

क्लायंटला स्वतःच्या फोल्डरबाहेर काही दिसू नये म्हणून सीएचरूट नावाचं कुंपण लावतात. त्यात एक मेख आहे. त्या सर्वांत वरच्या फोल्डरचा मालक रूटच, म्हणजे सर्व्हरचं मुख्य खातंच हवं, आणि दुसऱ्या कोणाला तिथे लिहिण्याची परवानगी नको. नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी लागता लागता तुटते आणि क्लायंटला कारण कळत नाही. माझा एक अख्खा रविवार यात गेला. त्याच्या आत मी दोन फोल्डर करते: ‘घेऊन जा’ आणि ‘इथे टाका’. पहिल्यात क्लायंट फक्त वाचू शकतो, दुसऱ्यात बिलं टाकू शकतो. ही नावं ठेवल्यापासून निम्मे प्रश्न बंद झाले. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, तोही आकड्यात. इंग्रजीत महिन्याचं नाव लिहिलं की एप्रिलनंतर ऑगस्ट येतो आणि क्लायंट मे शोधत बसतो.

पासवर्डमध्ये शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ येऊ देऊ नका, फोनवर सांगताना घोळ होतो. पॅन आणि जन्मतारीख जोडून तर मुळीच करू नका. आयकर खात्याच्या एआयएसच्या, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांच्या पत्रकाच्या पीडीएफला तसा पासवर्ड असतो म्हणून लोकांना ती सवय लागलीय, पण क्लायंटचा पॅन हल्ली कोणाकोणाकडे नसतो? पत्ता ईमेलने पाठवा, पासवर्ड फोनवर सांगा.

क्लायंटच्या मशीनवर मी विनएससीपी हे फाइल उतरवायचं सॉफ्टवेअर टाकते. फुकट आहे आणि एसएफटीपी व पोर्ट २२ आधीच निवडलेले असतात. तसलंच फाइलझिलाही चांगलं, पण त्यात वरच्या पट्टीत पोर्ट रिकामं सोडलं की ते साधं एफटीपी समजून २१ वर जातं. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरची ओळख पटवणारा एक लांबलचक ठसा दिसतो. लोक घाबरून ‘नाही’ दाबतात. आधीच सांगून ठेवा, आणि ठशाची शेवटची पाच-सहा अक्षरं फोनवर जुळवून मगच ‘हो’ म्हणायला लावा. पुढे कधी तोच प्रश्न परत आला, तर आम्हाला विचारल्याशिवाय ‘हो’ दाबायचं नाही, हेही तेव्हाच बजावा.

आता खरं काम, फोनवरचं. “चालत नाही” एवढ्यावर काही करायला जाऊ नका. स्क्रीनवर लिहिलेलं जसंच्या तसं वाचायला सांगा. इंग्रजी वाचायला संकोच वाटत असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा. ‘टाइम्ड आउट’ असेल, तर निरोप सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही. बहुतेक वेळा त्यांच्या ऑफिसच्या नेटवर पोर्ट २२ अडवलेलं असतं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा, मिनिटात कळतं. ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते, ती बघा.

‘रिफ्यूज्ड’ मात्र फसवं आहे. पोर्ट चुकलं तरी येतं. पण पासवर्ड चार-पाच वेळा चुकवून मग अचानक ‘रिफ्यूज्ड’ आलं, तर सर्व्हरवरच्या फेलटूबॅन या राखणदार प्रोग्रामने त्यांना बाहेर काढलंय. नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच चुकांनंतर दहा मिनिटं दार बंद. अशा वेळी क्लायंटला नवा पासवर्ड देऊ नका, चहा प्यायला सांगा.

जोडणी लागली की एकच वाक्य: “डावीकडे तुमचा कॉम्प्युटर, उजवीकडे आमचा. उजवीकडची फाइल डावीकडे ओढा.” सर्व्हरवरच फाइल उघडून त्यात आकडे बदलायचा प्रयत्न बरेच जण करतात, मग सेव्ह होत नाही म्हणून चिडतात. आधी ओढा, मग उघडा.

शेठना मी हे तीनदा शिकवलं. चौथ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला की फाइल त्यांना स्वतःला कधीच नको असते. ती उतरवायची असते गाळ्यावरच्या मेहताजींना. मग ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला उतरून गाळ्यावर गेले आणि बटाट्याच्या गोण्यांना टेकून मेहताजींकडून दोनदा करून घेतलं. तेव्हापासून खातं उघडायच्या आधी विचारते, “प्रत्यक्ष माउस कोण हलवणार?” ते नाव क्लायंटच्या नोंदीत लिहून ठेवते, कारण मेहताजी गाळा सोडून गेले की शेठ नवा माणूस ठेवतात, पण आम्हाला कळवत नाहीत. म्हणून दर एप्रिलला सगळ्यांना फोन करते. माणूस बदलला असेल, तर त्याच फोनवर पासवर्डही बदलते.