डोमेनमध्ये कंपनीचं नाव घालताय? बेळगाव, निपाणी, खानापूरच्या दुकानदारांनी या चुका टाळा

खडेबाजारातून चालत गेलात तर निम्म्या दुकानांचं नाव शोधावं लागतं. वर ठळक अक्षरांत रंगाची कंपनी, बॅटरीची कंपनी, पंपाची कंपनी. दुकानाचं नाव खाली कोपऱ्यात. पाटी कंपनीनंच फुकट करून दिलेली असते, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मग वेबसाइट करायची वेळ आली की दुकानदार तेच नाव सांगतो. आधी कंपनीचं नाव, मग ‘बेळगाव’, मग डॉट कॉम किंवा डॉट इन.

दुकानदारांना वेबसाइट करून देणं हा माझा धंदा. उद्यमबागेत पंपांची दुरुस्ती करणाऱ्या एका काकांशी यावरून माझी बरीच हुज्जत झाली. त्यांचं म्हणणं, “अरे, वीस वर्षं त्यांचेच पंप खोलालोय मी. बोर्ड त्यांनीच पाठवून दिलाय. मग नेटवर नाव घातलं तर कुणाचं काय बिघडतंय?”

काकांचा प्रश्न रास्त आहे. पण पाटी कंपनीनं दिलेली असते आणि एजन्सी सुटली की ती उतरवता येते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुम्ही तुमच्या नावावर घेता, आणि एकदा घेतलंत की त्या पत्त्यावर दुसरं कोणी येऊ शकत नाही, खुद्द कंपनीसुद्धा नाही. तिला खुपतं ते हेच.

“पुढे ‘बेळगाव’ लावलंय की!”

सगळ्यात जास्त ऐकू येणारा बचाव हाच, आणि सगळ्यात लंगडाही हाच. गावाचं नाव जोडल्यानं मूळ नाव वेगळं होत नाही. उलट गिऱ्हाइकाला वाटतं, ही कंपनीचीच बेळगावची शाखा. 1999 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर ‘याहूइंडिया डॉट कॉम’चं प्रकरण आलं, तेव्हा ‘इंडिया’ या शेपटाचा काही उपयोग झाला नाही; ते नाव वापरायला मनाई झाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं ‘रेडिफ’सारखं दिसणारं ‘रॅडिफ’ थांबवलं. म्हणजे एखादं अक्षर इकडचं तिकडे करूनही सुटका नाही.

आपल्या राज्यातलं प्रकरण तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. सत्यम इन्फोवेचं ‘सिफी’ आणि दुसऱ्या कंपनीचं ‘सिफीनेट’, इंग्रजीत एक ‘एफ’ जास्त. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयानं मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयानं ती उठवली आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सत्यमच्या बाजूनं कौल दिला. इंटरनेटवरचा पत्ता हीसुद्धा धंद्याची ओळख आहे आणि तिला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं, हे त्या निकालानं पक्कं झालं.

आपल्याकडे यात आणखी एक गंमत आहे. 2014 च्या नोव्हेंबरात शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हापासून लोक जुन्या आणि नव्या स्पेलिंगची दोन-दोन डोमेन घेऊन ठेवतात. आपल्या दुकानाच्या नावाची घ्या, खुशाल. पण कंपनीच्या नावाची दोन्ही घेऊन ठेवलीत तर ‘यानं जागा अडवून ठेवली आहे’ हा आरोप तुम्ही स्वतःच दुप्पट करून देता. डॉट भारतवर कंपनीचं नाव देवनागरीत घेतलं तरी फरक पडत नाही. लिपी बदलली तरी नाव तेच.

“मी त्यांचाच खरा माल विकतो”

इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे दुकानदाराच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे.

2001 मध्ये प्रिंटरची दुरुस्ती आणि सुटे भाग विकणाऱ्या एका अमेरिकी धंदेवाल्याविरुद्ध ओकी डेटा कंपनीनं तक्रार केली. त्याच्या डोमेनमध्ये कंपनीचं नाव होतं आणि पुढे ‘पार्ट्‌स’. निकाल त्या धंदेवाल्याच्या बाजूनं लागला. त्या वेळी घातलेल्या अटी डोमेनची भांडणं कोर्टाबाहेर मिटवणारे पंच लोक आजही धरून चालतात. तो माल तुम्ही खरंच विकत असला पाहिजे. त्या साइटवर फक्त त्याच कंपनीचा माल असला पाहिजे, दुसऱ्याचा नाही. कंपनीशी तुमचं नातं काय, हे साइटवर खरं आणि ठळक लिहिलेलं असलं पाहिजे. आणि त्या नावाची सगळी डोमेन तुम्ही अडवून ठेवलेली नसावीत.

आता आपल्या दुकानांकडे बघा. पंपाच्या दुकानात एकाच कंपनीचे पंप असतात का? दोन-तीन कंपन्यांचे पंप, वर स्टार्टर, केबल, पीव्हीसी पाइप आणि कोपऱ्यात लोकल मोटर. म्हणजे वरच्या दुसऱ्या अटीलाच आपण बाद. कंपनीच्या नावानं गिऱ्हाईक बोलवायचं आणि दुसऱ्याचा माल गळ्यात मारायचा, यालाच पंच बदहेतू म्हणतात. मुळात हा परदेशातल्या पंचांचा पायंडा आहे, तो पाळायला आपली न्यायालयं बांधील नाहीत.

आपल्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम 30 आहे. सुटे भाग किंवा जोडसामान विकताना ‘हे अमुक कंपनीच्या यंत्राला बसतं’ असं सांगायची गरज असेल, तर तेवढ्यापुरतं नाव घेता येतं. पण ‘तेवढ्यापुरतं’ म्हणजे किती, यावरूनच भांडणं होतात. प्रेशर कुकरच्या रिंगचं उदाहरण घ्या. दुसऱ्या ब्रँडच्या रिंगच्या पाकिटावर ‘हॉकिन्स कुकरसाठी योग्य’ असं लिहिलं होतं, आणि हॉकिन्स हा शब्द ठसठशीत, वेगळ्या रंगात. दिल्ली उच्च न्यायालयात आधी रिंगवाल्याच्या बाजूनं निकाल लागला. 2012 मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानं तो फिरवला. पाकिटावरच्या एका ओळीची ही कथा, तर अख्खा पत्ताच त्या नावाचा असेल तेव्हा काय होईल ते ओळखा.

अधिकृत डीलर असाल तर आधी करारनामा कपाटातून काढा. कंपनीचं नाव डोमेनमध्ये घेऊ नये, घेतलंच तर एजन्सी संपल्यावर कंपनीच्या हवाली करावं, अशी अट बऱ्याच करारांत असते. वाचायचं कुणीच नाही, सही मात्र पानोपान असते. आणि विक्री अधिकारी चहा पिता पिता “घ्या हो, काय होत नाही” म्हणाला, याला परवानगी म्हणत नाहीत. तो पुढच्या वर्षी हुबळीला असेल. परवानगी हवी ती कंपनीच्या ईमेलवरून, लेखी, डोमेनचं पूर्ण नाव घालून.

आडनावाचं काय? स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला कलम 35 नं मोकळीक दिली आहे. पण जोर ‘प्रामाणिकपणे’ वर आहे. कॅनडातल्या माइक रो नावाच्या शाळकरी पोरानं 2003 मध्ये आपल्या नावाला ‘सॉफ्ट’ जोडून डोमेन घेतलं. उच्चार थेट ‘मायक्रोसॉफ्ट’. कंपनीनं 10 डॉलर देऊ केले, त्यानं 10,000 मागितले, जगभर बोभाटा झाला आणि शेवटी तडजोड होऊन डोमेन कंपनीकडे गेलं.

नोटीस आल्यावरच्या चुका

पैसे मागणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी. “पाच लाख द्या, डोमेन घेऊन जा,” असं एका ओळीचं उत्तर व्हॉट्‌सअ‍ॅपवर गेलं की समोरच्या वकिलाचं काम झालं. मूळ मालकाला चढ्या भावानं विकण्यासाठी नाव घेणं, हा नियमांत बदहेतूचा पहिला पुरावा म्हणून लिहिलेला आहे.

दुसरी चूक म्हणजे गप्प बसणं. डॉट कॉमची भांडणं यूडीआरपी नावाच्या नियमांनी मिटवली जातात. ते 1999 पासून लागू आहेत. वायपो या जागतिक संस्थेकडे एका पंचासमोर तक्रार चालवायला कंपनीला 1,500 डॉलर फी पडते. मोठ्या कंपनीच्या मानानं ही रक्कम म्हणजे किरकोळ खर्च. तुम्हाला उत्तराला 20 दिवस मिळतात. उत्तर दिलं नाही तर समोरच्याच्या कागदांवर निकाल लागतो. तक्रार दाखल झाली की डोमेनला कुलूप लागतं, मग ते मेहुण्याच्या नावावर करता येत नाही. तसा प्रयत्न केलात तर तोही तुमच्याविरुद्धच जातो.

डॉट इनसाठी त्याचा कारभार बघणाऱ्या निक्सी या संस्थेचे आयएनडीआरपी हे वेगळे नियम आहेत, 2005 पासूनचे, आणि ते एका जागी जास्त कडक आहेत. डॉट कॉमच्या प्रकरणात नाव बदहेतूनं घेतलं आणि बदहेतूनं वापरलं, अशा दोन्ही गोष्टी कंपनीला दाखवाव्या लागतात. डॉट इनच्या बाबतीत यातली एक दाखवली तरी भागतं. तेव्हा “मी घेतलं तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं” हा बचाव तिथे पुरा पडत नाही.

पंचांसमोर हरलात तर डोमेन कंपनीकडे जातं किंवा रद्द होतं; नुकसानभरपाई तिथे मिळत नाही. कंपनी कोर्टात गेली तर मनाई आणि नुकसानभरपाई दोन्ही मागू शकते. शिवाय ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 134 मुळे ती जिथे धंदा करते तिथे दावा लावायची तिला बरीच मुभा आहे. आपल्याला उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाची सवय; इथे तारखेला दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागू शकते. तेव्हा नोटीस हातात पडली की ट्रेडमार्कची कामं करणारा वकील गाठा. जमिनीच्या वादातले वकीलसाहेब कितीही घरोब्याचे असले तरी हे काम त्यांचं नव्हे.

आधीच घेऊन बसला असाल तर

नोटीस यायच्या आत हलणं सोपं असतं. स्वतःच्या नावाचं नवं डोमेन घ्या, साइटचा पूर्ण बॅकअप घ्या आणि मजकूर तिकडे न्या. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्याकडे पाठवणारा ‘पर्मनंट’ रिडायरेक्ट लावला की गुगलवरची जागा बरीचशी टिकते, पण नाव ‘पर्मनंट’ असलं तरी तो कायम ठेवू नका. कंपनीचं नाव वापरून गिऱ्हाईक आपल्याकडे वळवणं अजून चालूच आहे, असाच त्याचा अर्थ लावला जाईल. नोटीस आलेली असेल तर रिडायरेक्टसाठी वकिलामार्फत लेखी मुदत मागून घ्या.

खरी पंचाईत वेबसाइटपेक्षा ईमेलची होते. डोमेन गेलं की त्यावरचे सगळे ईमेल पत्ते त्याच दिवशी बंद. जीएसटी पोर्टल, बँक, गुगलवरचं दुकानाचं प्रोफाइल, डोमेन रजिस्ट्रारचं (ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिचं) खातं, सगळीकडे ‘इन्फो अ‍ॅट’ तोच पत्ता दिलेला असतो आणि ओटीपी तिथेच जाऊन पडतो. म्हणून सगळ्यात आधी या ठिकाणचा ईमेल बदला, साइटचं नंतर बघू. छापलेल्या बिलबुकांचं दुःख करू नका, वर स्टिकर मारता येतो.

हे करताना डोमेन नेमकं कुणाच्या नावावर आहे तेही तपासा. वेबसाइट करून देणाऱ्या पोरानं स्वतःच्याच खात्यात घेऊन ठेवलेलं असेल, तर कंपनीची नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये जाते आणि तुम्हाला समजतं ते साइट बंद पडल्यावर.

मग नाव काय घ्यायचं?

तुमच्या पाटीवर कोपऱ्यात असलेलं नाव. दुकानाचं किंवा तुमचं नाव, पुढे काम, पुढे गाव; ‘पंप दुरुस्ती खानापूर’सारखं साधं नावही चालतं. कंपनीचं नाव पानावरच्या मजकुरात लिहा: ‘आम्ही अमुक कंपनीचे पंप दुरुस्त करतो. आम्ही कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र नाही.’ लोगो मात्र नको. शोधणारा माणूस ‘अमुक पंप दुरुस्ती बेळगाव’ असं टाइप करतो तेव्हा गुगल पानातला मजकूर वाचतंच. काकांना शेवटी पटलं ते याच मुद्द्यावर, कायद्यावर नाही.

नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोधून बघा, फुकट आहे. पण तिथे नाही म्हणजे मोकळं, असं समजू नका. नोंदणी नसलेलं पण बाजारात गाजलेलं नावही कोर्ट राखतं. कुंदा हे मिठाईचं नाव, ते कोणीही वापरावं. पण ज्या दुकानाचा कुंदा लोक मुद्दाम शोधत येतात, त्या दुकानाचं नाव घेऊ नये. कोल्हापुरी चपलेची गोष्ट वेगळी. 2019 ची भौगोलिक नोंदणी (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव) महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या आठ जिल्ह्यांसाठी आहे आणि त्यात बेळगाव जिल्हा येतो. निपाणी-अथणीकडच्या कारागिरानं खरा माल विकताना ‘कोल्हापुरी’ म्हणायला बिचकू नये.

जमलं तर स्वतःच्या नावाची नोंदणीही करून टाका. ऑनलाइन अर्जाला छोट्या धंद्यासाठी एका वर्गाला 4,500 रुपये सरकारी फी आहे आणि नोंदणी 10 वर्षं चालते. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या दुकानदाराचा अर्ज मुंबई कार्यालयात जातो, आपला चेन्नईला. अर्ज भरताना हे चुकवू नका.

एक शेवटचं. ‘चीनमध्ये एक कंपनी तुमच्या नावाचं डोमेन घेऊ पाहतेय, आजच्या आज पैसे भरून हक्क राखा’ अशी ईमेल येते. ती नोटीस नव्हे, जुनी फसवाफसवी आहे. खऱ्या तक्रारीत प्रकरण क्रमांक असतो, तक्रारदाराचं नाव असतं, कागदपत्रं जोडलेली असतात आणि कुठल्याही लिंकवर पैसे भरायला सांगितलेलं नसतं. तो क्रमांक संबंधित संस्थेच्या साइटवरून खरा करून घ्या. तसलं काही नसेल तर ईमेल पुसून टाका, उत्तरसुद्धा देऊ नका.