नाहीसं झालेलं घर कसं शोधावं

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात एका जागेला ‘पात्रांवाचं घर’, म्हणजे मालकाचं घर, म्हणतात. घर नाही, काजूचं रान आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर चार उन्हाळे मी त्या घराच्या मागे लागले. तुमच्या गावातलंही पोर्तुगीज काळातलं एखादं घर असं पुसलं गेलं असेल, तर सुरुवात भुताच्या गोष्टीपासून करा.

‘तिथं भूत आहे का हो?’ असं विचारलंत तर माणसं विषय बदलतात. ‘त्या वाटेनं जाताना आई काय सांगायची?’ असं विचारा. प्रत्येकाला वेगळं गाठा. भूत कुठून येतं, कुठे वळतं, कुठे दिसेनासं होतं, एवढं त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या. आमचा पात्रांव तिन्हीसांजेला कंदील घेऊन येतो, तीन पायऱ्या उतरतो आणि उजवीकडे वळून नाहीसा होतो. सपाट रानात पायऱ्या कुठल्या? पण पाच जणांनी तीनच सांगितल्या. पाचोळा सारला तेव्हा चिऱ्याच्या तीन पायऱ्या निघाल्या, मधली पावलांनी झिजून खोलगट झालेली. उजवीकडे सात-आठ पावलांवर विहीर. घर पाहिलेली माणसं गेली, पण घराचा नकाशा भुताच्या चालीत राहिला होता.

राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या अदृश्य शक्तीच्या, गोष्टी मात्र वेगळ्या पानावर लिहा. तो जागेचा धनी, घराच्याही आधीचा.

जागेवर उन्हाळ्यातच जा, भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, विचारून. मी पहिल्यांदा श्रावणात गेले. गवतात विहिरीचा काठ दिसला नाही, थोडक्यात वाचले. जोतं मोजा, खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या शिंपल्यांचे तुकडे बघा, कौलं उलटी करून पाहा. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेनं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली, तेव्हा त्यांच्या छापाचं कौल त्याआधीचं नसतं. घर जुनं असू शकतं, छप्पर मागाहून बदललेलं. काही उचलून आणू नका.

नजर तयार करायची तर जुन्या गोव्यात सेंट कजेतान चर्चपाशी आदिलशहाच्या वाड्याचं दार बघून या. 1554 ते 1695 पोर्तुगीज गव्हर्नर तिथं राहिले, 1820 मध्ये वाडा पाडला, आणि उरलं ते काळ्या दगडाचं दार. त्याच्यासमोर उभं राहून आतल्या खोल्या मनात मांडता येतात का बघा.

कागद शेवटी. सर्व्हे नंबर काढून एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा घ्या, तो गोवामुक्तीनंतरचा. त्यामागचं पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधायचं. त्या दप्तराची सुरुवात 1595 ची, पहिला दप्तरपाल दियोगु दु कोउतु. पोर्तुगीज हस्ताक्षर लागत नसेल तर पोर्तुगीज शाळेत शिकलेलं गावातलं म्हातारं माणूस सोबत न्या.

मग नकाशा काढून गोष्ट सांगणाऱ्यांकडेच परत जा. आमच्या वाडीतल्या आजींची आई त्या घरात कामाला होती. आजींनी माझ्या कागदावर विहिरीलगत बोट टेकवलं आणि म्हणाल्या, “हांगा रांदची कूड आशिल्ली.” म्हणजे इथं स्वयंपाकघर होतं. तो कोपरा मी कोरा सोडला होता.