स्कूटरवर उडी: आधी जागेवर, मग चालवत

“पायाने ढकलायच्या, घडी होणाऱ्या स्कूटरवर उभं राहून स्कूटरसकट उडी मारली तर चालेल का?” बेळगावात गल्लीतली पोरं हेच आधी विचारतात. नको रे बाळांनो! आपटून आपटून घडीचा सांधा सैल होतो. उडीला घडी न होणारी स्टंट स्कूटरच हवी. हेल्मेटचा पट्टा घट्ट लावा, हँडलखालच्या क्लॅम्पचे (हँडल घट्ट धरणाऱ्या पकडीचे) बोल्ट रोज तपासा.

सुरुवात उभ्या स्कूटरवर. गुडघे वाकवा, उसळा, त्याच दमात हँडल वर ओढा. उतरताना गुडघे पुन्हा वाकलेले, दोन्ही चाकं एकदम टेकलेली. ताठ पायांनी उतरलात तर हिसका थेट गुडघ्यात बसतो. हे पक्कं जमलं की खडूची रेघ ओढा आणि सावकाश चालवत ती उडीने ओलांडा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र शेवाळलेल्या फरशीवर उडी नकोच. ती चिमुकली चाकं ओल्यात पटकन सटकतात.