कुंभारवाड्यात शूटिंग? आधी कान लावा

धारावीच्या कुंभारवाड्यावर कॉलेजसाठी छोटी फिल्म करताय? पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढूच नका. चहा घ्या, भट्टी कधी पेटते ते विचारा.

मुलाखतीत पोरं चित्राच्या मागे लागतात आणि आवाज घालवतात. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. विजेचं चाक घरघरत असेल तर, ‘काका, पाच मिनिटं बंद ठेवता का?’ असं सरळ विचारा. नंतर तेच चाक सुरू करून त्याचा 30 सेकंद नुसता आवाज टिपा. एडिटिंगला बसल्यावर त्याची किंमत कळते. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न फेकू नका. चार-पाच सेकंद गप्प बसा. माणूस हात पुसत पुसत पुन्हा बोलायला लागतो, आणि बहुतेक वेळा तेच कामाचं असतं.

इथली बरीच घरं मूळची सौराष्ट्रातली. गुजरातीत बोलू द्या, मराठी सबटायटल नंतर देता येतात.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्याच्याशी हे जुळतं.

संमती कॅमेऱ्यावरच घ्या. लहान मुलांसाठी त्यांच्या आईवडिलांची.