राय माल्टची बिअर: तोटी अडकण्याआधी या चुका टाळा

शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. तळघरात मी बादलीपुढे उकिडवा बसलेलो. मॅशची, म्हणजे गरम पाण्यात कालवलेल्या माल्टच्या भरडीची, तोटी पूर्ण उघडी, आणि नळीतून पाच-पाच सेकंदांनी एकेक थेंब. संध्याकाळी सातला सुरू केलेलं गाळणं अजून अर्ध्यावरही आलं नव्हतं. बायको जिन्यावरून डोकावली. "अरे, झालं की नाही?" मग खाली येऊन तिनं झाकण उचललं, कालथ्यानं थोडं वर घेतलं आणि म्हणाली, "ही बिअर आहे की कुरडयांचा चीक?"

तिनं एका वाक्यात निदान केलं होतं. साडेपाच किलो धान्यात सव्वातीन किलो राय माल्ट, म्हणजे साठ टक्के, आणि तेही पहिल्याच खेपेला. बार्लीची बिअर दोन-तीन वर्षं नीट जमत होती, म्हणून रायलाही बार्लीसारखंच वागवलं. रायच्या बहुतेक तक्रारी याच एका गैरसमजातून येतात. त्यातल्या स्वतः केलेल्या आणि आमच्या क्लबातल्या मंडळींनी केलेल्या काही चुका खाली देतोय.

आधी एक खुलासा. फोनवर आईला "रायची बिअर" म्हटलं तर ती म्हणाली, "राईची? मोहरीची?" मोहरीशी याचा काही संबंध नाही. राय हे गव्हाच्या नात्यातलं थंड प्रदेशातलं धान्य. जर्मनी, पोलंड, फिनलंड, रशिया या पट्ट्यातला काळा पाव त्याचाच. माल्ट म्हणजे काय हे मात्र आपल्याला वेगळं सांगायला नको. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची आणि दळून सत्त्व करायचं, तेच इथे. मोड येताना दाण्यातली एन्झाइम्स जागी होतात आणि पुढे तीच पिठूळ भागाची साखर करतात.

चव न ओळखताच बिअर करायला घेणं

बरेच जण एखादी राय आयपीए (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) पितात, "वा, काय मसालेदार!" म्हणतात आणि थेट माल्ट मागवतात. पण त्या ग्लासातला झणका बहुतेक हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, असतो. इथे अमेरिकेत राय जास्त करून हॉप्सच्या जोडीनेच भेटते. बेअर रिपब्लिकची हॉप रॉड राय, फाउंडर्सची रेड्स राय ही त्यातली गाजलेली नावं. बिअर उत्तम, पण राय ओळखायला शिकण्यासाठी चुकीची शाळा.

दुसरा घोटाळा पावाचा. इथल्या राय ब्रेडमध्ये सर्रास कॅरवे घालतात, आपल्या शहाजिऱ्याच्या जातकुळीतला दाणा. त्यामुळे राय म्हटलं की लोकांना जिऱ्यासारखा वास अपेक्षित असतो. तो ग्लासात मिळाला नाही की "चव आलीच नाही, प्रमाण वाढवू" असं सुरू होतं. तिसरा घोटाळा लवंगेचा. जर्मनीतल्या बव्हेरियाची रॉगनबिअर, म्हणजे तिथली रायची बिअर, प्यायल्यावर लवंग जाणवते, पण ती येते व्हाइसबिअरच्या, म्हणजे तिथल्या गव्हाच्या बिअरच्या, यीस्टमधून. त्या यीस्टनं साध्या गव्हाच्या बिअरलाही लवंग येते.

मग रायची स्वतःची चव कोणती? जिरं, लवंग, हॉप्स बाजूला काढल्यावर उरतो तो खरपूस पावाच्या कडेचा, थोडा मातकट, शेवटी जिभेला कोरडा चरचरणारा स्वाद. मला विचाराल तर बार्ली म्हणजे पोळी आणि राय म्हणजे बाजरीची भाकरी. ज्याला ही तुलना पटते त्याला राय आवडते, असा माझा आतापर्यंतचा अनुभव.

म्हणून पहिली खेप करताना वीस टक्क्यांपर्यंत राय, हॉप्स बेताचे आणि साफ आंबवणारं साधं अमेरिकन एल यीस्ट घ्या. लवंग-केळ्याचा वास देणारं व्हाइसबिअरचं यीस्ट दुसऱ्या खेपेला.

माल्टऐवजी नुसती राय आणणं

किराणा दुकानात राय स्वस्त मिळते. दाणे, फ्लेक्स, पीठ, सगळं. एका मित्रानं पीठच घातलं. त्या भांड्यात जे तयार झालं त्यानं भिंतीवर पोस्टर चिकटवता आले असते. मोड आलेल्या दाण्यात चिकट द्रव्यं काही अंशी तुटलेली असतात, कच्च्यात ती जशीच्या तशी असतात. फ्लेक्स वापरायचेच तर पाच-दहा टक्के. चॉकलेट राय नावाचा काळा भाजलेला माल्टही मिळतो. तो रंगाला आणि कॉफीसारख्या कडवटपणाला शे-दीडशे ग्रॅम पुरे. साध्या राय माल्टच्या जागी तो चालत नाही.

बार्लीच्याच फटीतून राय भरडणं

रायचा दाणा बार्लीपेक्षा बारीक, लांबट आणि कडक. गिरणीचे रोलर बार्लीसाठी एक-सव्वा मिलिमीटरवर लावलेले असतात, त्यातून रायचे कितीतरी दाणे अख्खेच निसटतात. मग साखर कमी उतरते आणि दोष माल्टवर जातो. राय वेगळी भरडा, फट 0.8 ते 0.9 मिलिमीटरवर आणून. दुकानातूनच भरडून आणत असाल तर "राय दोनदा काढा" म्हणून सांगा. मूठभर भरड पांढऱ्या कागदावर पसरून बघा. अख्खे दाणे दिसले तर पुन्हा एकदा काढा. मिक्सरमध्ये मात्र फिरवू नका. लापशीची भरड हवी, भाकरीचं पीठ नको.

तूस न घालणं

माझ्या त्या शनिवारची मुख्य चूक ही. बार्लीच्या दाण्यावर टरफल असतं. गाळताना त्याच टरफलांचा थर गाळणीचं काम करतो. रायला टरफल नसतं, ते मळणीतच सुटून जातं. म्हणजे चिकटपणा वाढला आणि गाळणी गेली, दोन्ही एकदम.

फिनलंडमधले लोक शतकानुशतकं साहती नावाची बिअर करतात आणि तिच्यात राय असते. ते कुउर्ना नावाच्या लांबट लाकडी कुंडीच्या तळाशी जुनिपरच्या फांद्या अंथरतात आणि त्यावरून रस गाळतात. त्यांनी गाळणी बाहेरून आणली. आपणही तेच करायचं, भाताच्या तुसानं. कोकणात गिरणीवर ज्याला कोणी विचारत नाही, त्या तुसाची पिशवी इथे ब्रूइंगच्या दुकानात मोजून पैसे देऊन घ्यावी लागते.

पाच किलो धान्यात वीस टक्के राय असेल तर पाव किलो तूस, निम्म्याहून जास्त असेल तर अर्धा किलो. आधी कोमट पाण्यात भिजवून, धुऊन, निथळून घ्या. कोरडं तूस मॅशमधलं पाणी पितं आणि तपमान पाडतं. ते नुसतं तळाशी पसरू नका, सगळ्या धान्यात कालवा.

पिशवीत मॅश करण्याची पद्धत असेल तर हा त्रास बराच कमी होतो, कारण पिशवी उचलून पिळता येते. रायपुरता तरी मी आता पिशवीवाला झालोय.

चाळीस अंशांच्या टप्प्यावर सगळी भिस्त ठेवणं

"40-45 अंशांवर वीस मिनिटं ठेवा, चिकटपणा जाईल" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धा खरा आहे. त्या तपमानाला बीटा-ग्लुकनेज हे एन्झाइम काम करतं आणि बीटा-ग्लुकन नावाचा डिंक तोडतं. ओट्स किंवा कच्च्या बार्लीला हा रामबाण. रायमध्ये मात्र चिकटपणाचा मोठा वाटा अरॅबिनोझायलन या दुसऱ्याच द्रव्याचा असतो आणि त्याला हे एन्झाइम हात लावत नाही. म्हणजे टप्पा घ्या, पण तूस घालायला विसरू नका.

टप्पा घेताना आणखी एक चूक होते. भांड्याखाली शेगडी पेटवून मॅश तापवला जातो. दाट राय बुडाला लागते आणि पूर्ण वीस लिटरला करपट वास येतो. तो कशानंच जात नाही. त्यापेक्षा उकळतं पाणी घालून तपमान चढवा. माझा हिशेब असा: पाच किलो धान्य, 11 लिटर पाणी 48-49 अंशांवर, मिसळल्यावर 44 अंश येतात. वीस मिनिटांनी साधारण साडेआठ लिटर उकळतं पाणी थोडंथोडं घालत, ढवळत 65-66 अंश. तिथे एक तास. 44 अंश निवडण्याचं कारण असं की लवंगेच्या वासाला लागणारं फेरुलिक आम्लही त्याच सुमाराला सुटतं, त्यामुळे पुढे कधी व्हाइसबिअरचं यीस्ट वापरलं तर हाच हिशेब चालतो.

मुख्य टप्पा 68-69 अंशांवर नेऊ नका. बिअरला अंग यावं म्हणून बार्लीत लोक तसं करतात, पण रायला अंग जन्मजात असतं. त्यात जास्त तपमान आणि वर क्रिस्टल माल्ट (गोडसर, कॅरमलसारखा माल्ट) घातला तर पेला सरबताचा वाटतो.

अडकल्यावर तोटी आणखी उघडणं

इतकं करूनही अडकलं तर? हात आपोआप तोटीकडे जातो. पण तोटी जितकी जास्त उघडी, तितका धान्याचा थर खाली ओढला जाऊन घट्ट बसतो. मी त्या रात्री चार तास हेच करत होतो.

तोटी बंद करा. जमलं तर नळीतून उलट, खालून गरम पाणी सोडा, म्हणजे थर वर उचलला जाईल. नाही तर वरून घालून तळापर्यंत ढवळा. ओलं तूस हाताशी असेल तर दोन मुठी घाला. थर निवलाय का ते बघा. निवला की रस आणखी दाट होतो, म्हणून गाळताना थर 75-76 अंशांच्या आसपास हवा. 80 च्या वर नको, टरफलातला तुरटपणा उतरायला लागतो. दहा मिनिटं थांबा, तोटी पाव उघडा, पहिला गढूळ रस तांब्यानं हळूच परत वर ओता आणि धार नितळ झाली की मग भांड्यात घ्या. धार करंगळीपेक्षा बारीक असली तरी बिघडत नाही. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून.

भांडं काठोकाठ भरणं

रायचा रस उकळताना दुधासारखा उतू जातो, आणि दुधापेक्षा चिकट असतो. शेगडी घासण्यात पुढचा रविवार जातो. भांडं पाऊण भरा, पहिला फेस बसेपर्यंत जागचे हलू नका. फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यातही, फेस उंच चढतो. एअरलॉकऐवजी (आतला वायू बाहेर सोडणारी झाकणावरची छोटी नळी) जाड नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बरणीत सोडा. रसातली साखर मोजणारा हायड्रोमीटरही दाट रसात सावकाश स्थिरावतो, गोल फिरवून क्षणभर थांबा आणि मगच आकडा वाचा.

चांगली बिअर खराब समजून ओतून देणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त टोचते. रायची बिअर तोंडात रेशमी, किंचित तेलकट लागते. नवख्याला वाटतं, बिघडली. आपल्याकडे उरलेल्या वरणाला तार सुटली की टाकून देतात, तीच भीती. फरक असा ओळखा: रायचा गुळगुळीतपणा पहिल्या दिवसापासून असतो, सगळ्या बाटल्यांत सारखा असतो आणि वास स्वच्छ असतो. जंतू शिरले असतील तर सुरुवातीला ठीक असलेली बिअर आठवड्यांनी घट्ट होते, ओतताना खरोखर तार सुटते आणि बऱ्याचदा लोण्यासारखा किंवा आंबूस वास येतो.

गढूळपणाचंही तेच. राय बिअर पूर्ण नितळ होत नाही. तिला निवळवण्यासाठी महिनाभर फ्रिज अडवू नका. अंग कमी करायला वरून अमायलेज घालणंही फसवं आहे. ते उरलीसुरली साखर तोडून बिअर कोरडी करतं, डिंकाला काही करत नाही.

बर्फासारखी गार करून पिणं ही तर पिणाऱ्याची चूक. आठ-दहा अंशांवर पावाचा वास वर येतो, दोन अंशांवर काहीच येत नाही.

पाहुण्यांना आणि कायद्याला गृहीत धरणं

"गहू नाही, म्हणजे ग्लूटेन नाही" असं एका समारंभात कोणीतरी ठामपणे सांगत होतं. रायमध्ये ग्लूटेन असतं, बार्लीतही. सीलिअॅकच्या, म्हणजे ग्लूटेन न चालणाऱ्या, रुग्णाला ही बिअर देऊ नका.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत 1978 च्या केंद्रीय कायद्यानं घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200, विक्री नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी वरचं सगळं माहिती म्हणून वाचावं आणि मायक्रोब्रुअरीत गेल्यावर ब्रुअरला विचारावं की नळावरच्या कुठल्या बिअरमध्ये राय आहे आणि किती टक्के. ब्रुअर लोक या प्रश्नावर खूश होतात. तूस किती घालता हेही विचारलंत तर ती संध्याकाळ तिथेच जाईल.

बव्हेरियात 1516 साली बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी असावं असा हुकूम निघाला. गहू आणि राय पाववाल्यांसाठी राखून ठेवायची, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. रायची बिअर तिथे पुन्हा बाजारात यायला विसावं शतक सरत यावं लागलं.

त्या शनिवारची बिअर? रात्री दीड वाजता गाळून झाली, वीसऐवजी तेरा लिटर निघाली. बायकोनं तिच्या पहिल्या बाटलीवर स्केच पेननं "चीक" लिहिलं. आता आमच्याकडे राय बिअरला तेच नाव आहे.